मामांना समुद्रावर न्यायचा कट

आमच्या घरात समुद्रावर जायचा बेत पहिल्यांदा ठरला तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. प्रत्यक्षात गेलो तेव्हा ती नववीत होती. मधल्या वर्षांत तो बेत दर दिवाळीनंतर ठरायचा आणि संक्रांतीच्या आत मोडायचा. मोडणारा माणूस एकच, माझे सासरे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्ती. माझं माहेर नाशिककडचं, त्यामुळे लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा या हाका तोंडात बसायला वेळ लागला. त्याहून जास्त वेळ लागला तो आत्तींच्या ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’ची सवय व्हायला. इथल्या बायका अशाच बोलतात. पहिल्या आठवड्यात पडद्याआडून ‘आलो गं’ ऐकू आलं की मी पदर सावरून उभी राहायची, आणि आत्ती हातात भाजीची पिशवी घेऊन आत यायच्या.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. त्यातली बारा वर्षं त्यांच्याकडे मालवणची मुक्कामी गाडी होती. म्हणजे दुपारी इथून निघायचं, अंधार पडता पडता तिथे पोचायचं, गाडीतच झोपायचं आणि पहाटे परत. त्यामुळे समुद्र या विषयात आमच्या घरात आणि पुढच्या दोन गल्ल्यांत मामांचा शब्द शेवटचा. ‘समुद्र म्हंजे काय, आपला रंकाळा तलाव घ्यायचा, हजारानं गुणायचा अन् वर मीठ टाकायचं,’ असं ते सांगत. भरतीच्या वेळी पाणी स्टँडपर्यंत येतं आणि गाडीची चाकं फुकटात धुऊन निघतात, असंही सांगत. पुनवेला मासे उड्या मारत काठावर येतात, आपण फक्त पिशवी उघडी धरायची, हे तर माझ्या मुलीनं शाळेत निबंधात लिहिलं होतं. बाईंनी खाली लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं होतं.

आत्तींनी हे सगळं चाळीस वर्षं ऐकलं होतं. त्या नेसरीजवळच्या शेतकरी घरातल्या. विहीर, ओढा, नदी, धरण एवढं पाणी त्यांनी पाहिलं होतं. समुद्र पाहिला नव्हता.

आणि मामा नेत नव्हते. एका वर्षी शेजाऱ्यांची म्हैस व्यायला झाली होती. शेजाऱ्यांची, आमची नव्हे. एका वर्षी हातकणंगल्याला पाहुण्यांचं लग्न होतं, ते आमच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात होऊनही गेलं, तरी मामा म्हणाले की दमणूक झालीय. एका वर्षी त्यांना ओळखीच्या कंडक्टरनं कळवलं की औंदा समुद्र खवळलाय. जानेवारीत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मुलीनं मोबाईलवर एका रिसॉर्टचे फोटो दाखवले. माडांमध्ये बांधलेली झोळी, मागे निळं पाणी, आणि एका वेताच्या खुर्चीत आत्तींच्याच वयाची एक बाई पाय लांब करून चहा पीत बसलेली. आत्तींनी चष्मा लावला. समुद्राकडे पाहिलंच नाही, त्या बाईकडे बराच वेळ पाहिलं.

‘हिला स्वयपाक न्हाय काय?’ त्यांनी विचारलं.

‘रिसॉर्टवर सगळं तेच देतात, आत्ती.’

त्यांनी मोबाईल परत दिला आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले तर परातीत पावटे सोलत बसल्या होत्या. मलाही एक मूठ दिली.

‘औंदा जायचं,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘तुझ्या मामांचं मी बघतो.’

‘ते नाहीच म्हणणार.’

‘चला म्हटलं की न्हाय म्हणत्यात. म्हणून चला म्हणायचंच न्हाय.’ त्यांनी एक शेंग मोडली. ‘तू बघितलंयस की, समोरचा त्याची गाडी मागं घ्यायला लागला की हे काय करत्यात ते.’

पाहिलं होतं. समोरच्या घरातल्या माणसानं रिव्हर्स गिअर टाकला की मामा ताटावरून उठतात, खरकट्या हातानं रस्त्यात उभे राहतात आणि ‘येऊ दे, येऊ दे, दाब, आरं डावीकडं दाब की!’ म्हणून ओरडतात. त्या माणसानं कधीही बोलावलेलं नसतं.

‘कुणी चुकत असलं की त्यास्नी घरात बसवत न्हाय,’ आत्ती म्हणाल्या. ‘आपण चुकायचं.’

त्या दिवशी मला कळलं की या बाईबरोबर मी पंधरा वर्षं राहते आहे आणि तिला ओळखत नाही.

कटात माझ्या नवऱ्याला घेणं भाग होतं, कारण गाडी तो चालवणार. पण त्याला हसू आवरत नाही. म्हणून त्याला फक्त दोन वाक्यं दिली आणि ती बोलून झाली की पाणी प्यायला उठायचं, असं बजावलं. मुलीला काहीच सांगायचं नाही असं ठरलं. तिनं दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, ‘आई, आजीचं काय चाललंय?’ मग तिलाही घेतलं.

जेवायला बसल्यावर नवऱ्यानं पहिलं वाक्य टाकलं. ‘आई, रस्ता ठरला. मलकापूर, आंबा घाट, रत्नागिरी, अन् मग किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली मालवण.’

मामांचा घास हातातच राहिला. ‘कुटनं?’

‘आंबा घाटातनं.’

‘मालवणला?’

‘मोबाईल तसंच दाखवतोय, मामा,’ मी म्हणाले. मोबाईल तसं काही दाखवत नव्हता.

मामांनी आत्तींकडे पाहिलं. आत्तींनी शांतपणे त्यांच्या ताटात भाकरी वाढली. ‘मला काय कळतंय त्यातलं? पोरं म्हणत्यात तसं. तुमी काय येणार न्हाय, मग कशाला डोस्क्याला ताप?’

‘गंगावेशीतनं रंकाळ्यावर जायला मग कागलला वळसा घाला की!’ मामा गरजले. गंगावेशीतून रंकाळा पायी दहा मिनिटांवर, कागल पार दुसऱ्या टोकाला. नवरा पाणी प्यायला उठला. मामांनी जेवण संपवलं, हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. परत आत आले नाहीत. मला वाटलं, फसलं.

‘एका दिवसात मासा लागत न्हाय,’ आत्ती म्हणाल्या. मासे कसे धरतात हे त्यांना मामांकडूनच कळलेलं असल्यामुळे मी फारसा विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं दुसरं वाक्य टाकलं. ‘घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल लई वाचतंय म्हणं.’

मामा उभे राहिले. त्यांचा आवाज थेट गल्लीत पोचला. ‘न्यूट्रलला? घाटात? आरं माझी नात बसणार हाय त्या गाडीत! तुला ड्रायव्हिंग शिकवलं कुणी?’

‘तुम्हीच,’ नवरा म्हणाला. हे वाक्य आम्ही दिलेलं नव्हतं.

‘मी येणार,’ मामा म्हणाले. ‘फोंडा घाटानं जायचं. पुढच्या सीटवर मी बसणार. अन् मधी कुणी बोलायचं न्हाय.’

टेबलाखाली आत्तींच्या पायानं माझा पाय इतक्या जोरात दाबला की दोन दिवस अंगठा दुखत होता.

मग तयारी सुरू झाली. रिसॉर्टला फोन आत्तींनी स्वतः केला. मॅनेजर कोणी तरुण मुलगा असावा.

‘पावणं, खोलीतनं समुद्र दिसतोय न्हवं?’

‘हो काकू, सगळ्या रूम सी फेसिंग आहेत.’

‘तोंड कुणीकडं बी असू दे, दिसतोय का तेवढं सांगा.’

‘दिसतो.’

‘रस्सा तिखट असतोय का?’

‘आमच्याकडे कोकणी पद्धतीचं असतं. नारळाचं.’

आत्तींनी दुखवट्याला गेल्यावर काढतात तसा आवाज काढला. ‘बरं. दोन दिस चालवून घेतो,’ म्हणाल्या.

इकडे मामांनी वहीच्या पानावर वेळापत्रक काढलं. सुटण्याची वेळ पाच चाळीस. राधानगरी सात, चहा, दहा मिनिटं. दाजीपूर, फोंडा, कणकवली, प्रत्येक ठिकाणाची वेळ. घाटात फोटोला थांबायचं नाही, खाली रेघ. मळमळ होणाऱ्यांनी मागच्या खिडकीशी बसावं. शेवटची ओळ होती, मालवण स्टँड, अकरा दहा. त्याच्यापुढे पान कोरं.

‘मामा, स्टँडपासून पुढचं?’ मी विचारलं.

‘पुढं काय? समुद्र.’

‘कुठल्या बाजूला?’

‘उजव्या हाताला.’

दुसऱ्या दिवशी मुलीनं सहज तेच विचारलं. मामा दाढी करत होते. ‘डाव्या हाताला,’ ते आरशातून म्हणाले.

मी जाऊन आत्तींना सांगितलं. मला वाटलं त्या चमकतील. त्या साडीची घडी घालत होत्या, ती त्यांनी नीट हातानं दाबली. ‘असू दे की. इचारत इचारत जाऊ,’ एवढंच म्हणाल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामांचा गुडघा धरला. खुर्चीतून उठवेना. ते डोळे मिटून म्हणाले, ‘तुमी जावा. माझं काय, मी बघितलेलाच हाय.’

आत्ती म्हणाल्या, ‘बरं, ऱ्हावा. शेजारीण डबा दील.’ आणि दाराकडे तोंड करून माझ्या नवऱ्याला हाक मारली, ‘आरं, टायरात हवा मोप भर. घट्ट असली की गाडी पळती म्हणतोस न्हवं?’

मामा खुर्चीत नव्हते. अंगणात टायरापाशी उकिडवे बसले होते. ज्या गुडघ्यानं उठवत नव्हतं, त्याच गुडघ्यावर.

गाडी पाच एकेचाळीसला सुटली. तो एक मिनिट उशीर माझ्या नावावर लिहिला गेला, कारण मी गॅस बंद आहे का ते बघायला परत गेले होते.

मुलीनं मोबाईलवर नकाशा लावला होता आणि त्यातली बाई बोलायला लागली. ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.’ मामांनी मान वळवली. ‘ह्या बाईनं कवा हिकडं गाडी घातलीया काय?’ राधानगरीपर्यंत त्यांनी तिला सहा वेळा खोडून काढलं. दाजीपूरच्या जंगलात रेंज गेली आणि ती गप्प झाली तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलेलं नव्हतं.

घाटात मात्र ते खरोखर वेगळे माणूस झाले. धुकं होतं. आवाज चढवला नाही, हात हलवला नाही. ‘आता दुसरा. ब्रेकवर पाय ठिवू नको, इंजिनालाच धरू दे. हॉर्न. पुढं ट्रक हाय.’ ट्रक दिसत नव्हता. वळण घेतलं आणि होता. माझा नवरा, ज्याला हसू आवरत नाही, तो त्या अख्ख्या घाटात फक्त ‘व्हय’ म्हणत होता. आत्ती मागे माझ्याशेजारी बसून मामांच्या मानेकडे बघत होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी त्यांना घाटात गाडी उतरवताना कधी पाहिलं नव्हतं, हेही मला तेव्हाच सुचलं.

कणकवलीनंतर मामांच्या सूचना कमी होत गेल्या. मालवण जवळ आलं तसे ते रुमालानं मान पुसायला लागले. स्टँडपाशी नवऱ्यानं गाडी हळू केली. ‘अप्पा, आता कुणीकडं?’ त्यानं वडिलांना विचारलं.

‘थांब. च्या घेऊ,’ मामा म्हणाले. वेळापत्रकात तिथे चहा नव्हता.

चहाच्या टपरीवर एक म्हातारा होता. त्यानं मामांना पाहिलं, डोळे बारीक केले आणि किटली तशीच खाली ठेवली. ‘ड्रायव्हरांनू! तुमी? किती वर्सांनी!’

मामा त्याला डोळ्यांनी काहीतरी सांगत होते. त्याच्या डोळ्यांना दिसत नसावं.

‘घरची मंडळी घेऊन इलात? बरां केलात. ह्या खेपेक तरी दर्या बघून जावा,’ तो आमच्याकडे वळून आनंदानं म्हणाला. ‘ह्येंका मी बारा वर्सां सांगतंय, धा मिनिटांची वाट आसा, जावन येवा. पण नाय. गाडी सोडून पाऊल हलवूक नाय. जेवले की गाडीत झोपले, पहाटे गेले.’

मी आजवर कोल्हापूरकर कुटुंबात इतकी शांतता ऐकली नव्हती. मुलीनं तोंडावर हात दाबला. नवरा पाणी शोधायला लागला. मामा ग्लासातल्या चहाकडे असे बघत होते की जणू त्यात उडी मारता आली असती तर बरं झालं असतं.

मी घाबरून आत्तींकडे पाहिलं. त्या चहा फुंकत होत्या.

‘मला ठावं होतं,’ त्या म्हणाल्या.

‘काय ठावं होतं?’ मामा.

‘तुमची पँट बारा वर्सं मी धुतली. समुद्रावर जाऊन आलेल्या माणसाच्या दुमडीत चिमूटभर तरी वाळू नगो? ग्रीस निघायचं, तंबाखू निघायची, एकदा कुणाचा तरी कंगवा निघाला. वाळू कवा निघाली न्हाय.’

‘मग बोलली का न्हाईस?’

‘तुमी लई रंगवून सांगायचा,’ आत्ती म्हणाल्या. ‘ऐकायला बरं वाटायचं.’

म्हाताऱ्यानं वाट सांगितली. समुद्र ना उजव्या हाताला होता ना डाव्या. सरळ समोर होता.

रिसॉर्टवर सामान टाकून आम्ही वाळूत उतरलो तेव्हा भर दुपार होती. मामा सगळ्यांच्या मागे चालत होते. पाणी दिसलं तिथे ते थांबले, तशा आत्ती मागे वळून त्यांच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर ते आत्तींसाठीच होतं.

‘नवीन लगीन झालतं. मालवणची गाडी पहिल्यांदा मिळाली. परत आलो तर तू इचारलंस, समुद्र बघितला काय. तुझं तोंड असं झालतं की न्हाय म्हणवंना. म्हटलं, बघितला. मग पुढच्या खेपेला बघू म्हटलं. पर अंधार पडायचा, पार्सलं असायची, पहाटेचा ताण असायचा. अन् एकदा सांगून बसल्यावर मला भ्याच वाटायला लागलं. बघितला अन् तसा नसला तर?’

‘मग हाय का तसा?’ आत्तींनी विचारलं.

मामांनी पुन्हा पाहिलं. ‘न्हाय. मी सांगितला त्यापरास लई मोठा हाय.’

आत्तींनी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि सरळ पाण्यात शिरल्या. पहिली लाट आली तशी त्यांनी एक शिवी हासडली, अस्सल गावाकडची, आणि मग हसायला लागल्या. मामा काठावरून ओरडायला लागले, ‘मागं ये, आरं, आगं, मागं ये की! डावीकडं सरक! आता येऊ दे, येऊ दे...’ आत्ती मागे आल्या नाहीत. मामा चपलांसकट आत गेले. एक चप्पल समुद्रानं घेतली ती घेतलीच. दोघं एकमेकांचा दंड धरून कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि मामा येणारी प्रत्येक लाट आत्तींना आधी सांगत होते. प्रत्येक वेळी चुकत होते.

रात्री नारळाचा रस्सा आला. आत्तींनी दोन वेळा मागून घेतला आणि त्यावर कोणीही काही बोललं तर याद राखा, अशा नजरेनं सगळ्यांकडे पाहिलं.

सकाळी मामा-आत्तींच्या खोलीला बाहेरून कडी होती. नवरा घाबरला. आम्ही वाळूवर धावत गेलो तर लांब किनाऱ्यावर रापण ओढत होते, म्हणजे मोठं जाळं, दोन्हीकडून पंधरा-वीस माणसं दोर खेचत किनाऱ्याला आणतात ते. त्या माणसांच्या रांगेत शेवटी मामा होते. अनवाणी, पँट मांडीपर्यंत गुंडाळलेली. शेजारी आत्ती उभ्या राहून त्या लोकांना दोर कसा धरायचा ते सांगत होत्या. कोळ्यांना!

जाळं बाहेर आलं. चांदीसारखे बांगडे वाळूवर उड्या मारत होते. आत्तींनी वाकून एक हातात घेतला, तो सुळकन निसटला, त्यांनी परत धरला. मामा दोन्ही तळवे पुढे करून आम्हाला दाखवत आले. दोरानं सोलवटले होते.

‘झोंबतंय?’ मी विचारलं.

‘झोंबतंय की,’ ते खुशीत म्हणाले आणि तळवे घेऊन नातीकडे वळले.

नाश्ता झाल्यावर मामा व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या झोपले. तोंड उघडं, तळव्यांना खोबरेल लावलेलं, पायांना ओली वाळू. निघायची वेळ झाली तसा नवरा किल्ली घेऊन आला.

‘उठवू नगोस,’ आत्ती म्हणाल्या. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, पाय लांब केले आणि चहा मागवला. मॅनेजरला विचारून आम्ही खोल्या संध्याकाळपर्यंत ठेवल्या.